ताशा तोच, सूर वेगळा: एक्स्ट्रीम मेटलमधली सरमिसळ

[काळा पडदा. अखंड ताशा. हळूहळू त्याच्या जागी ड्रमसेटचा ब्लास्ट बीट येतो.]

गणपतीच्या मिरवणुकीत पथकाच्या जवळ उभे राहिलात, की कान दोन गोष्टी वेगवेगळ्या ऐकतात. ताशा अखंड तडतडत असतो, पण पाय हलतात ते ढोलाच्या ठोक्यावर. ताशाची गती वाढली तरी चाल ढोलच ठरवतो. पुढची काही मिनिटं एवढं ध्यानात असू द्या, कारण डेथ मेटल आणि ब्लॅक मेटल या रॉकच्या सर्वांत कर्कश, वेगवान शाखांमध्ये, म्हणजेच एक्स्ट्रीम मेटलमध्ये, आज इतर संगीताची जी सरमिसळ चालली आहे, तिचं निम्मं गुपित इथेच आहे.

ब्लास्ट बीट म्हणजे मेटलवाल्यांचा ताशा. २०० बीपीएमला (मिनिटाला २०० मात्रा) पायाने वाजणारा मोठा ड्रम, म्हणजे किक, आणि हाताने वाजणारा तडतडता स्नेअर आळीपाळीने वाजतात, एका मात्रेत चार ठोके, म्हणजे आपल्या भाषेत चौगुन. दोन ठोक्यांमध्ये उरतात ७५ मिलिसेकंद. एका किकपासून पुढची किक १५० मिलिसेकंदांवर. किक त्याहून जास्त वेळ घुमत राहिली तर दुसरी किक पहिलीच्या शेपटावर पडते आणि ऐकणाऱ्याला नुसती घरघर ऐकू येते. म्हणून किक ड्रममध्ये उशी किंवा घोंगडी कोंबतात, बीटर, म्हणजे किकवर आपटणारा दांडा, फेल्टचा न घेता लाकडाचा किंवा प्लास्टिकचा घेतात, आणि मिक्समध्ये ३ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यातली 'टक' वर काढतात. टंकलेखन यंत्रासारखा आवाज येतो अशी टीका होते. खरी आहे. पण त्या वेगाला दुसरा इलाज नाही.

[बर्मिंगहॅमची जुनी छायाचित्रं.]

ही सरमिसळ नवी आहे असं म्हणणाऱ्यांनी १९८७ साल आठवावं. बर्मिंगहॅमच्या नेपाम डेथ या बँडचा 'स्कम' हा अल्बम त्या वर्षी आला. ती मंडळी पंकमधून आलेली, आणि ड्रमर मिक हॅरिस यांनी 'ब्लास्ट बीट' हे नाव रूढ केलं. शुद्ध मेटल म्हणून आज जे जपलं जातं, त्याचा पायाच दुसऱ्याच्या अंगणातून आणलेला आहे.

[स्टॉकहोम. जवळून दिसणारं काळं पेडल, नारिंगी अक्षरं.]

आता एका पेडलची, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या पायाखालच्या डबीची गोष्ट. बॉस कंपनीचं एचएम-२, १९८३ साली बाजारात आलं, १९९१ मध्ये बंद झालं. चार खुंट्या: आवाज, खालचा पट्टा, वरचा पट्टा, आणि डिस्टॉर्शन, म्हणजे सूर फाडून आणलेली खरखर. स्वीडनच्या पोरांनी चारही खुंट्या शेवटपर्यंत फिरवल्या. वरची खुंटी पूर्ण उघडली की १ किलोहर्ट्झच्या आसपासचा भाग उसळतो. तिथेच लाकूड कापणाऱ्या करवतीचा आवाज असतो. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत टोमास स्कोग्सबर्ग यांनी एन्टूम्ब्ड या डेथ मेटल बँडचा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित केला, १९९० मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि या करवतीला घराणं मिळालं.

हा आवाज मिळवताना नवशिके हमखास एक चूक करतात: पेडलही पूर्ण आणि ॲम्पचं डिस्टॉर्शनही पूर्ण. मग करवतीऐवजी पावसाळ्यातला टीव्ही ऐकू येतो. ॲम्प जवळजवळ साफ ठेवायचा, पेडलच्या आवाजाची खुंटी त्याला ढकलेल तेवढीच खरखर पुरे. पेडलनंतर नॉइज गेट, म्हणजे वाजवणं थांबलं की आवाज बंद करणारं यंत्र, लागतोच, नाहीतर दोन रिफांमधल्या (रिफ म्हणजे गिटारचा परत परत येणारा तुकडा) शांततेत फुसफुस भरून राहते. डावीकडे करवत, उजवीकडे दुसऱ्या ॲम्पमधून जरा स्वच्छ गिटार, असं विभागलं तर बोटं काय वाजवताहेत ते निदान कळतं.

पण या करवतीला एक मर्यादा आहे. सेकंदाला बारा-तेरा वेळा पिक लागली की प्रत्येक आघात त्या भुशात विरून जातो. ती खुलते रेंगाळणाऱ्या कॉर्डवर. म्हणजे तिला खाली ताशा नको, ढोल हवा. एन्टूम्ब्डनेच १९९३ मध्ये 'वुल्व्हरिन ब्ल्यूज'वर हे करून दाखवलं: गिटारचा पोत कायम, ड्रम रॉक अँड रोलच्या झुलत्या ठेक्यावर. लोकांनी त्याला डेथ अँड रोल म्हटलं. मग तोच पोत समुद्र ओलांडून हार्डकोर पंकमध्ये शिरला. कॅलिफोर्नियाच्या नेल्स या बँडने २०१० मध्ये 'अनसायलेंट डेथ' हा अल्बम केला, निर्माते कर्ट बलू यांच्या अमेरिकेतल्या सेलममधल्या स्टुडिओत: १० गाणी, १४ मिनिटांच्या आत. तिथे पंकचा डी-बीट, ज्यात किक जरा लंगडत पुढे पडते आणि कॉर्डला श्वास घ्यायला जागा मिळते. करवत आणि डी-बीटचं जमतं त्यामागे हे साधं गणित आहे, दोन्हीकडे बंडखोर पोरं होती म्हणून नव्हे. जुन्या पेडलांना मागणी इतकी वाढली की २०२१ मध्ये बॉसने स्वतःच एचएम-२डब्ल्यू या नावाने ते पुन्हा आणलं.

[गुलाबी पडदा. स्वर लांबत जाणारी गिटार.]

दुसरीकडे उलटं झालं: ड्रम तेच राहिले, सूर बदलले.

मेटलची गिटार सा-प वर जगते. मूळ स्वर आणि पंचम. कारण डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वर एकत्र शिरले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर तयार होतात. सा-प मध्ये हे नवे स्वर त्याच सुरावटीत बसतात. शुद्ध गंधार घातला की ते बाहेर पडतात आणि कॉर्ड चिखल होते. फ्रान्सच्या अल्सेस्टने २००५ ते २००७ च्या सुमारास आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या डेफहेवनने २०१३ च्या 'सनबेदर'वर नेमके हेच गोड गंधार ब्लॅक मेटलच्या ट्रेमोलोवर, म्हणजे एकच सूर भराभर छेडत राहण्यावर, आणले. त्याला ब्लॅकगेझ म्हणतात.

चिखल टाळायचा उपाय असा: तिन्ही स्वर एका गिटारवर वाजवायचेच नाहीत. मूळ स्वर बास गिटारकडे, पंचम एका गिटारकडे, गंधार दुसऱ्या गिटारकडे आणि तोही वरच्या सप्तकात. प्रत्येक ॲम्पमध्ये एकेकच स्वर जातो, डिस्टॉर्शनला भांडण लावायला दुसरा सापडत नाही. कॉर्ड घडते ती हवेत.

रिव्हर्बची, म्हणजे मोठ्या दालनासारख्या घुमाऱ्याची, जागाही महत्त्वाची. डिस्टॉर्शनच्या आधी रिव्हर्ब ठेवला तर त्याचं शेपूट दाबून मूळ आवाजाइतकंच मोठं होतं आणि भिंत उभी राहते. संथ कॉर्डला छान. ट्रेमोलोचे आघात मात्र त्यात बुडतात. ट्रेमोलो ऐकू यायला हवा असेल तर रिव्हर्ब नंतर, त्याच्या २५० हर्ट्झखालचा भाग छाटून, आणि २० ते ४० मिलिसेकंद उशिराने. शिवाय ड्रमरला सांगावं लागतं: फुटून पसरणाऱ्या क्रॅश झांजेवर कायम राहू नकोस, टणटणीत राइड झांजेवर जा. क्रॅशचा फेस आणि गिटारचा वरचा पट्टा एकाच जागेवर हक्क सांगतात, आणि झांज नेहमी जिंकते.

आता मिरवणूक आठवा. खाली ताशा चौगुनीत, वर कॉर्ड चार-चार मात्रांनी बदलणारी. ऐकणाऱ्याचं मन वरच्या संथ चालीवर डोलतं; ब्लास्ट बीट त्याला वेगासारखा जाणवतच नाही, सरींसारखा जाणवतो. म्हणूनच मेटल न ऐकणारेही या संगीताकडे वळले. डेफहेवनने २०२१ मध्ये गाणंही बहुतांशी स्वच्छ गळ्याने केलं तेव्हा मात्र, आमच्या मते, ताण गेला. २०२५ च्या अल्बमवर किंकाळी परतली हे बरंच झालं.

[रंगमंच. धूर.]

सिंफनिक डेथकोरवर, म्हणजे डेथ मेटल, हार्डकोर आणि वाद्यवृंदाच्या मिश्रणावर, फार थांबायला नको. न्यू जर्सीच्या लॉर्ना शोरचं 'टू द हेलफायर' २०२१ मध्ये आलं आणि तिथून लाट उठली: वर वाद्यवृंद आणि समूहस्वर, शेवटी लय निम्मी करून आदळणारा ब्रेकडाउन. यातली नेहमीची चूक म्हणजे व्हायोलिनला ब्लास्टच्या गतीने तुटक सूर देणं. खरे वादक तसं वाजवू शकत नाहीत, आणि तोच ध्वनिमुद्रित सूर सेकंदाला तेरा वेळा वाजला की खेळण्यातल्या बंदुकीसारखा वाटतो. ब्लास्टवर समूहस्वर लांब धरावेत. तुटक सूर ब्रेकडाउनसाठी राखावेत. ब्रेकडाउनच्या सुरुवातीला येणारा खोल घसरता 'सब ड्रॉप' ५० हर्ट्झच्या खालीच ठेवला तर मोबाइलवर तो अस्तित्वातच नसतो. त्याला थोडं डिस्टॉर्शन देऊन वरचे उपस्वर तयार करावे लागतात.

[मुंबई. लोकल, मग तालमीची खोली.]

मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनने २०१७ मध्ये विष्णूच्या दहा अवतारांवर 'दशावतार' केला. विषय आपला असला की वाद्यंही आपली हवीत असं पुष्कळांना वाटतं, आणि तबला आणला जातो. आणायला हरकत नाही, पण दोन ठिकाणी घोटाळा होतो. दायाँ स्वरात लावलेला असतो. गिटार खाली उतरवून बी या स्वरावर लावली आणि तबला काळी एकचाच राहिला, तर संपूर्ण गाणं बेसूर. दायाँ गिटारच्या मूळ स्वराला किंवा पंचमाला जुळवायलाच हवा. आणि बायाँचा घुमारा किकच्याच पट्ट्यात पडतो, म्हणून डबल पेडल चालू असताना 'धा' ऐकूच येत नाही. उरते ती नुसती 'ना'. ड्रम २०० वर असतील तर केरवा १०० च्या लयीत वाजवावा, आणि बायाँ जिथे बोलतो तिथे किकने गप्प राहावं. ढोल एकच असावा लागतो.

[बर्लिन. हान्सा स्टुडिओची इमारत.]

शेवटी डेन्व्हरचा ब्लड इन्कँटेशन. २०२२ मध्ये या डेथ मेटल मंडळींनी 'टाइमवेव्ह झीरो' हा निव्वळ सिंथेसायझरचा अल्बम काढला, चाहते चक्रावले. ४ ऑक्टोबर २०२४ ला 'ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर' आला: दोनच रचना, प्रत्येकीचे तीन भाग, बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत निर्माते आर्थर रिझ्क यांच्यासोबत. एका भागात टँजरिन ड्रीम या जर्मन सिंथ बँडचे थॉर्स्टन क्वेशनिंग वाजवतात, कळफलक हेलास या स्वीडिश रॉक बँडचे निक्लस माल्म्क्विस्ट सांभाळतात.

इथे गिटारचा पोत किंवा ड्रम दुसरीकडून आणून मिसळलेले नाहीत. भाग शेजारी-शेजारी ठेवले आहेत. अशा रचनेत फसगत होते ती सांध्यावर. रिफ कापून लगेच सिंथ लावला की दोन वेगळ्या फिती चिकटवल्यासारखं वाटतं. सिंथचा सूर रिफच्या शेवटच्या चार-आठ मात्रांत खालून आधीच सुरू असावा, झांज स्वतःहून विझू द्यावी, आणि लय मोडू नये: २०० ची रिफ असेल तर सिंथची नाडी १०० किंवा ५० वर, म्हणजे सम तीच राहते.

रंगमंचावर बहुतेक बँड अशा वेळी लॅपटॉपवरून तयार ध्वनी सोडतात आणि ड्रमरच्या कानात क्लिक, म्हणजे लय दाखवणारी टकटक, वाजते. क्लिक मध्येच गेली, की सुरांचा एक थर गाण्याच्या अर्धी मात्रा पुढे पळतो आणि तो पकडायला कोणालाच जमत नाही. तो थर तिथेच बंद करून उरलेलं गाणं त्याच्याविना संपवावं लागतं. कळफलकावर माणूस बसवला तर तो ड्रमरच्या हाताकडे बघून वाजवतो.

[ड्रमरच्या हाताचं जवळचं दृश्य. किक थांबते, झांज विझते, सिंथचा एकच सूर.]