बाभळीपुढचं पातं

(सकाळ. सोलापूर-मंद्रूप रस्त्यालगतचं शेत. बांधावर बाभळीचा ओंडका आडवा पडलेला.)

गड्ड्याची जत्रा उठलीय, ज्वारी हुरड्यात आलीय. हा ओंडका शहरातल्या वखारीत न्यायचा तर ट्रॅक्टर, हमाल आणि दिवसभराचा खोळंबा. म्हणून वखारच ओंडक्याकडे आलीय. रुळांवर सरकणारं हे फिरतं आरायंत्र. जमलेली माणसं आधी इंजिनाकडे बघतात, किती घोड्यांचं म्हणून विचारतात. आपण इंजिनाकडे पाठ करू आणि दोन चाकांवरून धावणारं पातं बघू.

सव्वा इंच रुंद, जेमतेम 1 मिलिमीटर जाड, टोकं जुळवून केलेला सुमारे 4 मीटरचा पट्टा. दोन दातांत 22 मिलिमीटरचं अंतर, म्हणजे पुऱ्या पात्यावर 180 च्या आसपास दात. एक डावीकडे झुकलेला, एक उजवीकडे, एक सरळ. हा झुकाव नसेल तर पातं लाकडात घुसेल, पण त्याची पाठ कापात अडकेल.

(दृश्य: कापाची बारीक रेघ. बाजूला जुनी गोल करवत.)

गोल करवत एका कापाला 6 मिलिमीटरच्या घरात लाकूड भुश्यात घालवते. हे पातं 2 च्या थोडं वर. दहा काप मारले की जवळपास दीड इंच जाडीची अख्खी फळी वाचते. फळ्यांचा भाव ठाऊक असलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको.

पण समोर बाभळ आहे. नांगराला आणि बैलगाडीच्या चाकाला पिढ्यान्‌पिढ्या बाभळच लागली, ती काही मऊ होती म्हणून नव्हे. दाताचा पुढचा कल इथे कामाला येतो. मऊ लाकडाला 10 अंशांचा कल चालतो, दात आकड्यासारखा लाकूड ओढून घेतो. वाळलेल्या बाभळीत तोच दात हावरटपणा करतो, इंजिन दमतं, पातं वर-खाली भरकटतं आणि फळीवर लाटा उमटतात. तिथे 7, कधी 4 अंशांचं पातं हवं. दातांचा झुकावही बेताचा. ओल्या, तंतुमय लाकडाला जास्त झुकाव लागतो, कारण त्याचे तंतू कापावर पुन्हा फुगून येतात. खरं तर बाभळ ओली असतानाच चिरावी. पण पाडायचं आणि चिरायचं काम एकाच आठवड्यात निघालंय, असं मी तरी फारसं पाहिलेलं नाही.

महागाचं पातं घ्यावं का? कठीण धातूचे दात बसवलेल्या पात्याची धार लांब टिकते. पण सोलापूरकडची शेतातली, वस्तीवरची झाडं निष्पाप नसतात. कडुनिंबात कंदिलाचा खिळा, बांधावरच्या बाभळीत गिळलेली कुंपणाची तार. एका खिळ्याने सगळे पैसे पाण्यात. अशा लाकडाला साधं कार्बन स्टीलचं, धार लावून वापरता येणारं पातंच बरं, असं माझं मत. बाभळीचा एक उपकार मात्र आहे. तिच्यात टॅनिन भरपूर, म्हणून तर तिची साल चामडं कमवायला वापरतात. लोखंडाशी ते मिळालं की लाकडावर निळसर काळा डाग उठतो. ओंडक्याच्या टोकाला तसा डाग दिसला की मिस्त्री हात थांबवतो.

(दृश्य: मिस्त्री ओंडक्याची साल काढतोय, काळी माती खरवडतोय.)

मातीतून ओढत आणलेल्या ओंडक्याच्या सालीत वाळूचे कण अडकतात, ते दाताला आतून बाहेरून घासतात. म्हणून आधी साल, मग काप. पात्यावर टाकीतून पाण्याची बारीक धार, त्यात थोडं भांडी घासायचं साबणपाणी, नाहीतर बाभळीचा डिंक पात्याला चिकटतो.

(आवाज: इंजिनाचा सूर जड होतो. मिस्त्री बोलतो.)

"ऐकलं का ओ? आता पातं काढायचं. भुसा बघा, पिठासारखा पडायलाय."

धारदार दात भुश्याची टरफलं काढतो, बोथट दात पीठ पाडतो. पीठ पाडणारं पातं लोटून पुढे नेलं की ते तापतं. 50 अंशांनी तापलं तर 4 मीटरचं पातं अडीच मिलिमीटरच्या आसपास लांबतं, ताण उतरतो, काप वाकडा जातो. शिवाय हे पातं सेकंदाला 25 मीटर वेगाने धावतं आणि प्रत्येक चाकावर वाकतं. हिशेब करा, तासाला 40,000 हून जास्त वेळा वाकणं. दातांमधल्या खाचेच्या तळाशी डोळ्याला न दिसणारे तडे इथेच पडतात. म्हणून ओल्या लाकडात साधारण दोन तासांनी, वाळलेल्या बाभळीत त्याआधीच पातं उतरवायचं.

(दृश्य: शेडमध्ये धार लावण्याचं यंत्र, दातावर ठिणग्या.)

धार लावणं म्हणजे टोकावर कानस फिरवणं नव्हे. दगड टोकापासून खाचेच्या तळापर्यंत पूर्ण वळणावरून जायला हवा, म्हणजे ते कोवळे तडे घासून जातात. एकदम खोल नाही, हलक्या हाताने दोन-तीन फेऱ्या. दात निळा पडला की समजा पोलादाचा दम गेला. धार लागत गेली की दात झिजून झुकाव कमी होतो, तो पुन्हा द्यावा लागतो. ते काम पट्टी लावून मोजून करतात, नजरेने नाही. एका बाजूचे दात जरा जास्त झुकले तर पातं त्याच बाजूला पळतं आणि दोष मात्र यंत्राला मिळतो.

(दृश्य: संध्याकाळ. मिस्त्री हातमोजे घालून पातं उतरवतोय.)

गुंडाळताना त्याचे तीन वेढे होतात. स्प्रिंगच ती, हातातून सुटली तर तोंडावर येते. बघायला जमलेल्या पोरांना मिस्त्री लांब उभं करतो. दुसरं पातं चढवून ठेवलंय, पण ताणाचा स्क्रू सैल केलाय, कारण दिवसाचं तापलेलं पोलाद रात्री आखडतं.

"मालक, ही डागाची फळी कुठं टाकू?"

"गोठ्याला लागंल की. तिकडंच ठिवा."