सरकारी वास्तुशास्त्रज्ञ नेमका काय करतो? आधी रॅम्प मोजा

नमस्कार मंडळी. तहसील कार्यालयांवरचा व्हिडिओ टाकल्यापासून परभणी, उदगीर, अंबाजोगाई, सगळीकडून एकच प्रश्न येतोय: "सरकारकडं पगारी आर्किटेक्ट असताना इमारती अशा गैरसोयीच्या का होतात?" तर आज तेच.

आधी एक गोष्ट. शासनाच्या कागदावर आर्किटेक्टला 'वास्तुशास्त्रज्ञ' म्हणतात. म्हणून दर वेळी कुणीतरी विचारतं, स्वयंपाकघर आग्नेयेला घेऊ का? ते वास्तुशास्त्र वेगळं, हे पद वेगळं. १९७२ च्या कायद्यानं नोंदणी असल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. आणि पद जुनं आहे. गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा करणारे जॉर्ज विटेट मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुशास्त्रज्ञच होते.

कामाचा क्रम पटकन सांगतो. खातं गरज कळवतं, वास्तुशास्त्रज्ञ नकाशा काढतो, मग अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश. तिथून पुढं साइट अभियंत्याच्या हातात. "स्लॅब गळतो, आर्किटेक्टला धरा" असं लिहिणाऱ्यांनो, मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची नोंदवही, अभियंता भरतो. वास्तुशास्त्रज्ञ रोज साइटवर नसतो.

मग त्यानं पाहायचं काय? कागदावरची इमारत आणि उभी राहिलेली इमारत एकच आहे का, हे. आपल्याकडं गाडं इथंच अडतं.

उदाहरण घ्या. नकाशात जोतं, म्हणजे जमिनीपासून तळमजल्याच्या फरशीची उंची, ४५ सेंटिमीटर. रॅम्पचा उतार एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. ४५ ला लागतात ५.४ मीटर. नकाशात तेवढा रॅम्प आहे, नकाशा बरोबर आहे. आता साइट काळ्या मातीची. पहिल्याच पावसात चिखल होतो, पाणी साचतं, म्हणून अभियंता जोतं ९० वर नेतो. त्याचं चुकलं असं मी म्हणणारच नाही. पायऱ्या वाढतात. रॅम्प मात्र ५.४ मीटरच राहतो! म्हणजे उतार झाला एकास सहा.

एकास सहा म्हणजे काय, ते मला आईच्या व्हीलचेअरमागं कळलं. एका तालुक्याच्या ठिकाणी तिच्या दाखल्यासाठी गेलो होतो. मी ढकलतोय, खुर्ची मागं येतेय. शेवटी दोन अनोळखी माणसांनी पुढून ओढलं. आई पूर्ण वेळ डोळे मिटून बसली होती. खाली उतरताना तर मी खुर्ची उलटी फिरवली, कारण सरळ सोडली असती तर ती हातातून गेली असती. रॅम्पला रेलिंग होतं, रंग होता, निळी पाटीही होती.

आता हेच कागदाकडून बघा. माझे वडील बांधकाम विभागात अनुरेखक, म्हणजे नकाशे गिरवून प्रती काढणारे, होते. नकाशात काही बदललं की कोपऱ्यातल्या तक्त्यात तारीख, बदल काय, सही. ती ओळ भरल्याशिवाय ते नकाशा पुढं देत नसत. जोतं ९० झालं ही एक ओळ वास्तुशास्त्रज्ञाकडं परत गेली असती, तर त्यानं रॅम्प किमान १०.८ मीटर केला असता, वळवला असता, मधे थांबायला सपाट जागा दिली असती. कागदावर ते अर्ध्या दिवसाचं काम आहे. काँक्रीट पडल्यावर तेच काम तोडफोडीचं होतं.

आणि कायदा बघा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ४४. आराखडा नियमात बसत नसेल तर बांधायची परवानगी नाही आणि इमारत नियमात नसेल तर पूर्णत्वाचा दाखला नाही. दाखला देताना रॅम्पला टेप लावायला किती वेळ लागतो?

एका ताईंनी लिहिलंय, "दादा, आम्ही सामान्य माणसं काय करणार?" ताई, टेप घ्या. जोत्याची उंची मोजा, रॅम्पची लांबी मोजा, लांबीला उंचीनं भागा. बारापेक्षा कमी आलं, तर माहितीच्या अधिकारात दोन कागद मागा: मंजूर नकाशा आणि सुधारित नकाशा. दुसरा नाहीच असं उत्तर आलं, तर ते उत्तरच तक्रारीला जोडा.