कापलेला घड थांबत नाही

मंडळी, आत्ता आपण तापीच्या उत्तरेला रावेर तालुक्यात आहोत, माझ्या मामांच्या बागेत. मागे सातपुडा दिसतोय, आणि त्याच्या पायथ्यापासून इथपर्यंत नुसती केळीच केळी. कटाई चालू आहे. एकाने विळ्याने दांडा कापला की दुसरा खांद्यावर गोधडीची घडी टाकून खाली उभाच असतो, घड झेलतो आणि जमिनीला टेकूसुद्धा देत नाही, कारण एक्स्पोर्टच्या मालाला ओरखडा चालत नाही. दांड्यातून चीक टपटपतोय बघा. शर्टावर पडला तर काळा डाग कायमचा.

दांडा कापला त्या क्षणापासून घड्याळ सुरू होतं, आणि आजची सगळी गोष्ट या घड्याळाचीच आहे.

घड पॅकहाऊसला जातो, बायका फण्या वेगळ्या करतात, तुरटीच्या पाण्यात धुतात, पुसतात, १३ किलोच्या बॉक्समध्ये भरतात. मग थंड कंटेनर, १३ अंशांच्या आसपास. पारा त्याच्या बराच खाली गेला तर साल काळवंडते, वर गेला तर माल पिकायला लागतो. एवढं जपून केळी हिरवी राहते तीन-चार आठवडे, फार तर. कच्चं तेल टाकीत महिनोन्‌महिने पडून राहतं, लोखंड पडून राहतं, केळी नाही राहत. म्हणून युद्धाची बातमी आली की आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, जहाज किती दिवस अडकणार?

आता नकाशा बघा. न्हावा शेवाहून कंटेनर निघतो. भारताची केळी जास्त करून इराण, इराक, दुबई, सौदी, ओमान या बाजूला जाते. ओमानचं सोहार बंदर अलीकडेच आहे, पण दुबईचं जबेल अली, इराणचं बंदर अब्बास किंवा इराकचं उम्म कस्र गाठायचं तर होर्मुझच्या सामुद्रधुनीत शिरावंच लागतं. सगळ्यात अरुंद ठिकाणी ती साधारण ३३ किलोमीटर, म्हणजे भुसावळहून जळगावला जाताना जेवढं अंतर पडतं त्यापेक्षा थोडं जास्त. २०२४ मध्ये जगाने वापरलेल्या तेलातला पाचवा हिस्सा एवढ्याशा पाण्यातून गेला, आणि त्याच पाण्यातून आमचे बॉक्स.

१३ जून २०२५ ला इस्रायलने इराणवर हल्ले सुरू केले. आमच्याकडे तेव्हा मृगबागेची, म्हणजे आदल्या पावसाळ्याच्या तोंडावर लावलेल्या केळीची, कटाई जोरात होती. २२ तारखेला अमेरिकेने फोर्दो, नतान्झ आणि इस्फहान इथल्या इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, त्याच दिवशी इराणच्या संसदेने होर्मुझ बंद करायच्या बाजूने कौल दिला, आणि २४ ला युद्धविराम झाला. त्या महिन्यात सामुद्रधुनी बंद पडली नाही हे खरं, पण बंद पडायची गरजच नसते ना. नुसत्या धास्तीने जहाजाचा युद्धजोखमीचा विमा वाढतो, भाडं वाढतं, आणि तो वाढलेला खर्च उतरत उतरत शेवटी बांधावर येतो. व्यापारी म्हणतो दोन दिवस थांबा, मग कापू. दोन दिवसांत माल जास्त भरतो, एक्स्पोर्टमधून बाद होतो आणि लोकलच्या भावाने जातो. बऱ्हाणपूर म्हणजे शेजारची मध्य प्रदेशातली केळीची बाजारपेठ. तेव्हा मामांना रोज फोन यायचे, "आज बऱ्हाणपूरचा काय भाव चालू राह्यला रे भो?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "तिकडचं काय झालं?" तिकडचं म्हणजे इराणचं. सांगायला लागत नव्हतं.

यात अवकाशाचाही भाग आहे. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून वीस हजार किलोमीटरवर फिरतात, खाली येईपर्यंत त्यांचा सिग्नल इतका अशक्त होतो की जवळच्या एखाद्या ताकदवान यंत्राने तो दाबून टाकता येतो. त्या जूनमध्ये होर्मुझच्या आसपास शेकडो जहाजांच्या जीपीएसमध्ये असा गोंधळ होत होता, जहाज समुद्रात आणि स्क्रीनवर ते जमिनीवर दिसतंय. १७ जूनला ओमानच्या आखातात दोन तेलवाहू जहाजं एकमेकांवर आदळली. जीपीएससारखी आपली स्वतःची 'नाविक' उपग्रह यंत्रणा किती गरजेची आहे ते इथे कळतं, आणि म्हणूनच जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला तिचा एनव्हीएस-०२ उपग्रह झडप न उघडल्यामुळे ठरलेल्या कक्षेत पोचला नाही तेव्हा मला मनापासून वाईट वाटलं होतं.

बरं, युद्ध फक्त विक्रीच्या टोकाला येतं असंही नाही, ते लागवडीच्याही आधी येतं. केळीला पोटॅश भरपूर लागतं, रास, म्हणजे घडाचं वजन, चांगली यायची तर त्यात काटकसर चालत नाही, आणि एमओपी, म्हणजे पोटॅशचं नेहमीचं खत, आपण जवळजवळ सगळंच बाहेरून आणतो. बेलारूसचं पोटॅश लिथुआनियाच्या क्लायपेडा बंदरातून जगात जायचं, निर्बंधांनंतर १ फेब्रुवारी २०२२ पासून लिथुआनियाने ती रेल्वे वाहतूक थांबवली, आणि तीनच आठवड्यांनी रशिया युक्रेनमध्ये घुसला. हजाराच्या आसपास मिळणारी गोणी त्या वर्षी सतराशेवर गेली. बेलारूस कुठंय हे आमच्या गावात तेव्हाच लोकांनी पहिल्यांदा मोबाईलवर शोधून बघितलं.

मला एक गोष्ट फार खटकते आणि ती इथे बोलणारच. आमच्याकडे हवामानावर आधारित फळपीक विमा आहे. थंडी वाढली, पारा चढला, वादळाने बाग झोपली, गारपीट झाली, तर त्यात तरतूद आहे, मिळायला उशीर होतो तो भाग वेगळा. जहाजवाल्याला युद्धाचा विमा मिळतो. ज्याने अकरा-बारा महिने बाग सांभाळली त्याला मात्र होर्मुझमुळे भाव पडला तर कुठल्याच कलमात जागा नाही. निदान सावदा-रावेर पट्ट्यात माल आठ-दहा दिवस नीट धरून ठेवता येईल एवढी शीतगृहं आणि पिकवणगृहं तरी वाढायला हवीत, म्हणजे गल्फचा रस्ता अडला तर तोच माल दिल्लीकडे वळवायला वेळ मिळेल. हे काही अशक्य काम नाही.

संध्याकाळ झालीय. कंटेनरचं दार लावलं, सील ठोकलं, मशीनची घरघर सुरू झाली. मामा बाहेरच्या पट्टीवरचा आकडा वाकून बघतायत, १३.४. ड्रायव्हरला एकदाच म्हणाले, "वाटेत मशीन बंद पडू देऊ नको बरं." आणि बॅटरी घेऊन परत बागेत गेले, उद्याच्या कटाईच्या ओळीवर खुणा करायच्या राहिल्यात.