तेराव्या मजल्यावरची पहिली रात्र

श्रोतेहो, नमस्कार.

१८ जुलै १९९४. अर्जेंटिनाच्या राजधानीत, ब्युनॉस आयर्समध्ये, ज्यू समाजाच्या एका संस्थेची इमारत बॉम्बस्फोटात कोसळली. ८५ माणसं गेली, तीनशेच्या आसपास जखमी झाली. तपास पहिली दहा वर्षं भरकटतच गेला. ज्या न्यायाधीशाकडे तो होता, त्याच्यावरच साक्षीदाराला पैसे चारल्याचा ठपका आला आणि २००४ मध्ये खटल्यातले स्थानिक आरोपी सुटले. त्याच वर्षी या प्रकरणासाठी एक विशेष सरकारी वकील नेमला गेला. आल्बेर्तो निसमान त्याचं नाव. तिकडचा सरकारी वकील आपल्यासारखा फक्त कोर्टात उभा राहत नाही, तपासही तोच करतो. निसमाननं २००६ मध्ये इराण आणि हेझबोल्ला ही लेबनॉनमधली सशस्त्र संघटना यांच्यावर उघड आरोप ठेवला.

पुढे २०१३ साली अर्जेंटिनाच्या सरकारनं त्याच इराणशी करार केला. दोघांनी मिळून स्फोटाचा तपास करायचा, असा. निसमानचं म्हणणं पडलं की हा करार म्हणजे आरोपींना वाचवण्याची पडद्याआडची सोय आहे. १४ जानेवारी २०१५ ला त्यानं राष्ट्राध्यक्ष क्रिस्तिना किर्चनर आणि परराष्ट्रमंत्री तिमेरमान यांच्याविरुद्ध जवळपास तीनशे पानांची तक्रार दाखल केली. सोमवारी, १९ तारखेला, तो संसदेत खासदारांपुढे ती मांडणार होता. रविवारी रात्री तो आपल्या तेराव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये मृतावस्थेत सापडला. वय ५१. डोक्यात एक गोळी, शेजारी .२२ चं पिस्तूल.

आत्महत्या की खून? दहा वर्षं उलटून गेली, तरी तो देश यावर दुभंगलेला आहे. मी ठाण्याच्या कोर्टात फौजदारी कामं करतो. संशयास्पद मृत्यूंची कागदपत्रं रोज हाताखालून जातात, म्हणून या प्रकरणाकडे मी कागदाच्या बाजूनं पाहतो.

आत्महत्येच्या बाजूला काय आहे? मृतदेह बाथरूमच्या दाराला आतून टेकलेला होता. पिस्तूल त्यानं स्वतःच, आदल्या दिवशी, कार्यालयातल्या संगणकाचं काम बघणाऱ्या सहकाऱ्याकडून मागून घेतलं होतं. मुलींच्या रक्षणासाठी हवंय असं त्यानं सांगितलं, ही त्या सहकाऱ्याची जबानी. २०१५ मध्ये सरकारी न्यायवैद्यक डॉक्टरांच्या मंडळाला दुसऱ्या कुणाचा हात असल्याची खूण सापडली नाही. खुनाच्या बाजूला काय? हातावर गोळीच्या दारूचे कण मिळाले नाहीत. चिठ्ठी नाही. फ्लॅटचं मागचं दार उघडायला काहीच कष्ट पडले नाहीत, असं किल्लीवाल्यानं सांगितलं. आणि २०१७ मध्ये तिथल्या निमलष्करी दलाच्या तज्ज्ञांनी अहवाल दिला की दोन माणसांनी त्याला केटामाइन हे भुलीचं औषध देऊन मारलं. पुढच्या वर्षी अपील न्यायालयानंही हा खूनच असल्याचं म्हटलं.

आता तारखा बघा. पहिला निष्कर्ष आला तेव्हा किर्चनर सत्तेत होत्या. दुसरा आला तेव्हा त्यांचे विरोधक माक्री सत्तेत होते. मृतदेह तोच, गोळी तीच, आणि निष्कर्ष उलटा! दोन्ही वेळच्या तज्ज्ञांनी प्रामाणिकपणे काम केलं असेलही. पण लोकांनी विश्वास कशावर ठेवायचा? ज्याला जो पक्ष जवळचा, त्याला तो अहवाल खरा वाटतो. माणूस कसा मेला हा प्रश्नही मग मतदानाचा होऊन बसतो.

माझ्या मते हे सगळं त्या पहिल्या रात्रीच ठरून गेलं होतं.

निसमानला दहा पोलिसांचं संरक्षण होतं. रविवारी सकाळपासून तो फोन उचलत नव्हता, आणि दार उघडलं गेलं रात्री, तेही त्याची आई आल्यावर. त्यानंतर त्या तेराव्या मजल्यावर माणसांची रीघ लागली. सुरक्षा खात्याचा सचिव स्वतः हजर. पंच म्हणून, म्हणजे तटस्थ साक्षीदार म्हणून, पोलिसांनी रस्त्यावरून जाणारी एक तरुणी बोलावून आणली. तिनं नंतर वर्तमानपत्राला सांगितलं की फ्लॅटमध्ये लोक मयताच्याच यंत्रावर कॉफी करून पीत होते, खात होते. तपास करणाऱ्या सरकारी वकील बाईंनी तिचं म्हणणं फेटाळलं. पण काही महिन्यांनी त्या रात्रीचं चित्रीकरण टीव्हीवर आलं, आणि त्यात टॉयलेट पेपरनं पिस्तूल पुसलं जाताना देशानं पाहिलं. ज्या पिस्तुलावर सगळं अवलंबून, ते पिस्तूल! त्यावर उद्या जगातला मोठ्यातला मोठा तज्ज्ञ बसवा, तो काय वाचणार?

दुसरी गोष्ट, सत्तेची जीभ. राष्ट्राध्यक्षांनी पहिल्या दिवशी जे लिहिलं त्याचा रोख आत्महत्येकडे होता. तीन दिवसांत त्याच म्हणाल्या की ही आत्महत्या नाही याची माझी खात्री आहे. ज्यांच्यावर मयतानं तक्रार केली होती, त्यांनीच दोनदा निकाल दिला, आणि दोन्ही वेळा तपास पुरा व्हायच्या आत. पुढे एका दैनिकानं बातमी दिली की निसमाननं राष्ट्राध्यक्षांच्या अटकेच्या अर्जाचा मसुदा करून ठेवला होता आणि तो त्याच्या घरातल्या कचऱ्यात सापडला. मंत्रिमंडळाच्या प्रमुखानं पत्रकारांसमोर ते पान टराटरा फाडलं. दुसऱ्याच दिवशी तपास करणाऱ्या सरकारी वकिलांना मान्य करावं लागलं की मसुदा खरोखरच सापडला आहे. १८ फेब्रुवारीला भर पावसात लाखो माणसं छत्र्या घेऊन मूक मोर्चात चालली. मोर्चाची हाक सरकारी वकिलांनीच दिली होती.

मला विचाराल तर माझा कल खुनाकडे आहे. चार दिवसांपूर्वी तीनशे पानं दाखल करून सोमवारच्या तयारीला लागलेला माणूस रविवारी असं करेल, हे मनाला पटत नाही. पण कल म्हणजे पुरावा नव्हे, आणि या कलावर मी कुणाला फासावर चढवू देणार नाही. आणखी एक सांगतो, कारण चर्चेत हे नेहमी मिसळलं जातं. त्याची तक्रार न्यायाधीशांनी फेब्रुवारीतच फेटाळली होती, आणि नंतर ते प्रकरण वरच्या न्यायालयांत पुन्हा पुन्हा उघडलं. तक्रार कच्ची असूनही त्याचा खून झालेला असू शकतो. तक्रार पक्की असूनही ती आत्महत्या असू शकते. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवायचं नाही.

ठाणेकरांना हे दूरच्या देशाचं वाटू नये. मार्च २०२१ मध्ये मुंब्र्याच्या रेतीबंदरच्या खाडीत आपल्याच शहरातल्या एका व्यापाऱ्याचा मृतदेह मिळाला. मुंबईत एका उद्योगपतीच्या घराजवळ जिलेटीनच्या कांड्या ठेवलेली जी गाडी सापडली, ती या व्यापाऱ्याच्या ताब्यातली. सुरुवातीला नोंद झाली अकस्मात मृत्यूची, आणि खाडीत उडी मारल्याची चर्चा सुरू झाली. घरचे ठामपणे म्हणाले, आमचा माणूस पट्टीचा पोहणारा, हे आम्हाला मान्य नाही. दोन दिवसांत एटीएसनं खुनाचा गुन्हा नोंदवला, मग तपास एनआयएकडे गेला आणि आरोपी म्हणून खुद्द पोलिस अधिकारी पकडले गेले. महिन्याभरात गृहमंत्र्यांना वेगळ्या, पण त्यातूनच उफाळलेल्या आरोपांवरून राजीनामा द्यावा लागला. खून कुणी केला हे न्यायालय ठरवेल, मी त्यावर बोलणार नाही. घरचे पहिल्या दिवशी गप्प बसले नाहीत, एवढंच मला सांगायचं आहे.

आता कायद्यातली एक फट. संशयास्पद मृत्यू झाला की आपल्याकडे पोलिस ठाण्यात आधी ए.डी. दाखल होते, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद. १ जुलै २०२४ पासून हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली येतं. पोलिसांनी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवायचं, शेजारपाजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमोर मरणोत्तर पंचनामा करायचा आणि अहवाल २४ तासांत वर पाठवायचा. ठीक. याच संहितेत कलम १७६ सांगतं की सात वर्षं किंवा जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जायचं आणि चित्रीकरण करायचं. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. पण ए.डी. म्हणजे गुन्हा नव्हे! ज्या रात्री तज्ज्ञ सर्वांत जास्त हवेत, त्या रात्री कागदावर गुन्हाच नसतो, म्हणून त्यांना आणणं बंधनकारक नसतं. गुन्हा नोंदेपर्यंत लादी पुसून झालेली असते. प्रत्येक संशयास्पद मृत्यूला कलम १७६ ची ही तरतूद लावा, ही मागणी आपल्या आमदारांकडे लावून धरण्यासारखी आहे.

तोवर आपल्या हातात काय? तुम्हाला पंच म्हणून बोलावलं तर जा, टाळू नका. कोऱ्या कागदावर सही करू नका. पंचनामा पूर्ण वाचा, जे तुम्ही पाहिलं नाही ते त्यात असेल तर खोडायला सांगा, कोण आत आलं आणि कुणी कशाला हात लावला ते लिहायला लावा. आणि दुर्दैवानं मयत तुमच्या घरचं असेल, तर अंत्यविधीच्या आधी लेखी अर्ज द्या. शवविच्छेदनाचं चित्रीकरण करा म्हणा, व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने, राखून ठेवा म्हणा, मोबाईल सीलबंद करून पंचनाम्यात त्याची नोंद घ्या म्हणा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोलिस ठाण्याचा शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून निघू नका.

नमस्कार.