सोफ्याच्या गादीखालची वही

(दृश्य: डेट्रॉइटजवळच्या उपनगरातलं एक मोठं घर. पडदे ओढलेले. आवाज नाही.)

मे २०१९. घरमालकीण जाऊन नऊ महिने होत आलेत. आवराआवरीत एका कुलूपबंद कपाटातून हाताने लिहिलेले काही कागद निघतात. मग कुणीतरी सोफ्याच्या गाद्या उचलतं, आणि खाली सापडते एक स्पायरल वही. शाळकरी मुलं वापरतात तसली.

आत खाडाखोड आहे, समासात कोंबलेल्या ओळी आहेत, काही शब्द तर लागतच नाहीत. आणि एक सही. सहीतल्या पहिल्या अक्षरात, इंग्रजी 'ए'मध्ये, एक हसरा चेहरा काढलाय.

ही सही अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिनची. सोल या संगीतप्रकाराच्या राणीची, 'क्वीन ऑफ सोल'ची. आणि ही वही खरंच तिचं मृत्युपत्र आहे का, हे ठरायला पुढे चार वर्षं लागणार आहेत.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्च, डेट्रॉइट.)

जन्म २५ मार्च १९४२, मेम्फिस. वडील सी. एल. फ्रँकलिन हे नावाजलेले धर्मोपदेशक. त्यांच्या प्रवचनांच्या तबकड्या निघायच्या आणि हातोहात खपायच्या. आई बार्बरा स्वतः गाणारी, पियानो वाजवणारी. अरीथा सहा वर्षांची असताना आईने घर सोडलं, अरीथाला दहावं पूर्ण व्हायच्या आत आई वारलीही. मुलगी पियानो शिकली ती कानाने. नोटेशन वाचायच्या भानगडीत ती फारशी पडलीच नाही.

तिचा पहिला गुरू म्हणजे ते चर्च. गॉस्पेलमध्ये, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांत, गाणारा एकटा गात नाही. तो एक ओळ टाकतो, समोरचे ती झेलतात, परत फेकतात. चौदाव्या वर्षी याच चर्चमध्ये तिचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. ते ऐकताना वयाचा हिशेब लागत नाही.

मग सोळा-सतरा नव्हे, अठराव्या वर्षी न्यूयॉर्क, कोलंबिया रेकॉर्ड्स. सहा वर्षं तिथे तिच्याकडून जॅझ आणि गुळगुळीत लोकप्रिय गाणी गाऊन घेतली गेली. वाईट नव्हती. पण वाघिणीला पाटावर बसवून पंगतीत वाढावं, तसं काहीतरी चाललं होतं.

(दृश्य: अलाबामा. मसल शोल्समधला फेम स्टुडिओ.)

जानेवारी १९६७. आता कंपनी अटलांटिक, निर्माता जेरी वेक्सलर. त्याने केलं एवढंच: तिला पियानोपाशी बसवलं आणि तिच्या हातांच्या लयीभोवती बाकीचे वादक उभे केले. त्या दिवशी एक गाणं पूर्ण झालं. रात्री दारू, वादावादी, भांडण. सगळा बेत मोडला आणि उरलेलं काम न्यूयॉर्कला हलवावं लागलं. पण त्या एका गाण्याने वाट सापडली होती.

पुढच्याच महिन्यात 'रिस्पेक्ट'. मूळ गाणं ओटिस रेडिंगचं, १९६५ सालचं. त्यात दमूनभागून घरी येणारा पुरुष बायकोकडे मान मागतो. अरीथाने तेच गाणं बाईच्या तोंडी दिलं आणि मागणीची दिशाच फिरवली. 'रिस्पेक्ट' म्हणजे मान; या इंग्रजी शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून उच्चारणं ही मूळ गाण्यात नसलेली भर. मागे तिच्या बहिणी, एर्मा आणि कॅरोलिन. जून १९६७ मध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. नागरी हक्कांच्या चळवळीने ते आपलं मानलं, बायकांनीही.

तिच्या आवाजात नेमकं काय होतं? पल्ला मोठा होता, पण पल्ले मोठे असणारे पुष्कळ असतात. तिची एकेक हरकत अर्थासाठी यायची. एक शब्द ती पाच-सहा स्वरांवरून फिरवून आणायची आणि तरी तो शब्दच राहायचा, कसरत व्हायची नाही. ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळायची. आता चुकणार असं वाटेपर्यंत. मग बरोबर जागेवर उतरायची. आपल्याकडे समेवर येणाऱ्या गवयाला जी दाद जाते, तीच त्या चर्चमधल्या आरोळ्यांत ऐकू येते.

१९९८ चा ग्रॅमी सोहळा. ऑपेरा गायक पावारोत्ती आजारी, ऐन वेळी येऊ शकत नाहीत. त्यांच्या जागी अरीथा उभी राहते, ते गाणार होते तीच ऑपेरातली रचना गाते, आणि तीही त्यांच्याच पट्टीत, कारण वाद्यवृंदाची तयारी त्या पट्टीतली. दोन दिवसांपूर्वी एका कार्यक्रमात तिने ती गायली होती, हे खरं. पण त्यामुळे हा पराक्रम लहान होतो असं मला तरी वाटत नाही.

(दृश्य: रंगमंच. पियानोवर ठेवलेली एक छोटी पर्स.)

ही पर्स नीट बघा. डिसेंबर २०१५, वॉशिंग्टनमधलं केनेडी सेंटर. समोर राष्ट्राध्यक्ष ओबामा डोळे पुसताहेत. अंगावरचा फरचा कोट ती गाता गाता टाकून देते. पर्स मात्र पियानोवर, नजरेसमोर.

बिदागी रोख, आणि गाण्याआधी, हा तिचा नियम होता. लोक याला लहर म्हणत. पण तिच्या आधीच्या पिढीतल्या कृष्णवर्णीय गायकांना क्लबमालकांनी आणि कंपन्यांनी किती लुबाडलं, ते तिने जवळून पाहिलं होतं. आणि एक गोष्ट तर कायद्यातच होती. अमेरिकेत एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की पैसे गीतकार-संगीतकाराला मिळतात, गाणाऱ्याला नाहीत. म्हणजे रेडिओवरच्या 'रिस्पेक्ट'चे पैसे रेडिंगकडे, आणि तो १९६७ च्या डिसेंबरात विमान अपघातात गेल्यावर त्याच्या वारसांकडे.

जे आपलं आहे ते आपल्या हाताखाली. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री तिने गॉस्पेल गायलं. दिग्दर्शक सिडनी पोलॅकने चित्रण केलं, पण चित्र-आवाज जुळवायला दृश्याआधी वाजवतात ती पाटी, क्लॅपबोर्ड, वापरलीच नाही, त्यामुळे चित्र आणि आवाज जुळेनात. कित्येक वर्षांनी तंत्राने ते जुळवलं, तर अरीथाने कोर्टात जाऊन प्रदर्शन थांबवलं. तो चित्रपट लोकांनी पाहिला तो तिच्या मृत्यूनंतर.

(दृश्य: ऑगस्ट २०१८. चर्चबाहेर गुलाबी कॅडिलॅक गाड्यांची रांग.)

१६ ऑगस्ट २०१८. स्वादुपिंडाचा कर्करोग. वय ७६. सुरुवातीला सगळ्यांचा समज झाला की मृत्युपत्रच नाही. तिच्या एका वकिलाने नंतर सांगितलं, वर्षानुवर्षं ट्रस्ट करा म्हणून मागे लागलो होतो. डेट्रॉइट ज्या राज्यात आहे, त्या मिशिगनच्या कायद्याने मग चार मुलगे, चार समान वाटे. त्यात कर खात्याने सुमारे ६३ लाख डॉलरच्या थकबाकीचा दावा लावला. तो मिटायला २०२१ उजाडलं.

आणि मध्येच ती वही निघाली. भाऊबंदकी काही आपलीच मक्तेदारी नाही.

कपाटातले कागद २०१० चे, वही २०१४ ची. २०१० मध्ये अट होती: दोन मुलांनी व्यवसायाचं शिक्षण घेऊन प्रमाणपत्र किंवा पदवी मिळवायची, तरच लाभ. आईच ती. २०१४ मध्ये ही अट नाही. उलट मालमत्तेचा व्यवस्थापक म्हणून लिहिलेलं एका मुलाचं नाव खोडून धाकट्याचं घातलंय. मुख्य घर त्याला आणि नातवंडांना. एक भाऊ २०१० च्या बाजूने, दोघे २०१४ च्या.

कुलपात ठेवलेला कागद खरा की सोफ्यात सापडलेला, असा वाद कोर्टात रंगला. आपल्याकडे हाताने लिहिलेल्या मृत्युपत्रालाही दोन साक्षीदार लागतात. मिशिगनमध्ये हस्ताक्षर मृताचं आणि इच्छा स्पष्ट असली की पुरतं. जुलै २०२३ मध्ये पॉन्टिअ‍ॅकच्या कोर्टात सहा ज्यूरींनी तासाभराच्या आत कौल दिला: वही ग्राह्य.

(दृश्य: वहीचं पान. हसरा चेहरा. कॅमेरा हळूहळू मागे.)

घर धाकट्याला मिळालं. तिचे गाऊन लिलावात काढा किंवा स्मिथसोनियन संग्रहालयाला द्या, असं वहीत लिहिलंय. संगीताचं उत्पन्न चौघांत वाटायचं, हे दोन्ही मृत्युपत्रांत आहे. फक्त डेट्रॉइटच्या एखाद्या टॅक्सीत एफएमवर 'रिस्पेक्ट' लागलं, तर त्या वाजण्याचं या चौघांच्या हाती अजूनही काही पडत नाही.