इंडेक्समधल्या दोन ओळी

[पडद्यावर एक छोटी फाइल उघडते]

वर्डप्रेस म्हणजे साइट बनवायचं सॉफ्टवेअर, पीएचपी या भाषेत लिहिलेलं. ही त्याची इंडेक्स-पीएचपी. एखाद्या वर्तमानपत्राची अख्खी साइट हिच्यातून सुरू होते, पण आत बघाल तर टिपणं सोडून कामाच्या ओळी दोनच. दुसरी ओळ 'रिक्वायर' म्हणते, म्हणजे शेजारची ब्लॉग-हेडर फाइल घेऊन ये.

मग एकीने दुसरीला हाक मारायची. ब्लॉग-हेडर लोडला बोलावते, लोड कॉन्फिगला शोधते. डेटाबेसचा पासवर्ड असतो तीच ही कॉन्फिग. लोडला ती आपल्या फोल्डरात दिसली नाही, तर लोड एक पायरी वरच्या फोल्डरात जाऊन तिथेही डोकावते. म्हणूनच काही जाणते लोक ही फाइल साइटच्या फोल्डराबाहेर नेऊन ठेवतात.

फाइल सापडलीच नाही तर? फाइल आणायची दुसरी आज्ञा, इन्क्लूड, वापरली असेल, तर पीएचपी इशारा देऊन पुढे चालू लागतं. रिक्वायर असेल, तर जागच्या जागी थांबतं. तळाची पट्टी गायब झाली तरी पान वाचता येतं. पासवर्डाविना मात्र सगळंच अडतं. आणि एकच फाइल दोनदा आली, की 'हे फंक्शन आधीच जाहीर झालंय' म्हणून गाडी बंद पडते. फाइल एकदाच आणणारी, 'वन्स' जोडलेली रूपं त्यासाठीच आहेत.

[काळा टर्मिनल, लुकलुकणारा कर्सर]

खरा घोळ असतो पत्त्याचा. 'बाजूच्या गल्लीत' या पत्त्याला अर्थ येतो तो विचारणारा कुठे उभा आहे त्यावरून. टिंब आणि तिरकी रेघ देऊन लिहिलेला मार्ग असाच. तो फाइल जिथे आहे तिथून मोजला जात नाही, प्रोग्रॅम ज्या फोल्डरात उभा राहून चालतोय तिथून मोजला जातो. ब्राउझरमधून नीट चालणारी स्क्रिप्ट रात्री क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, चालवली की 'अशी फाइल नाही' म्हणते, कारण क्रॉन उभा असतो होम फोल्डरात. फाइल जिथल्या तिथेच असते, आपण मात्र तासभर परवानग्या तपासत बसतो.

2009 साली पीएचपी 5.3 मध्ये 'डिर' हा स्थिरांक आला, पुढे-मागे दोन-दोन अंडरस्कोअर लावलेला. तो ज्या फाइलीत लिहिलाय, तिचं फोल्डर सांगतो. वर्डप्रेसच्या इंडेक्समध्येही एके काळी टिंबच होतं. आज तिथे डिर आहे.

पत्ता परक्याच्या हाती गेला तर काय होतं, तेही लोकांनी बघितलंय. पानाचं नाव यूआरएलमधून घ्यायचं आणि थेट इन्क्लूडला द्यायचं, अशी सोपी युक्ती एके काळी सर्रास चाले. कुणी तिथे स्वतःच्या सर्व्हरवरच्या फाइलीचा पत्ता टाकला, की त्याचा कोड तुमच्या मशीनवर चालायचा. 2006 च्या नोव्हेंबरात आलेल्या पीएचपी 5.2 ने बाहेरून फाइल ओढण्यासाठी वेगळी सेटिंग केली आणि ती मुळातच बंद ठेवली. सर्व्हरवरच्या फाइलींना मात्र तिचं कुंपण नाही. मार्गात दोन टिंबं म्हणजे एक फोल्डर वर; ती टाकत कुणीही वर चढू शकतो. मोजक्या नावांची यादी करून तेवढ्यांनाच आत घेणं, हे काम अजूनही लिहिणाऱ्याचंच.

[पुन्हा कॉन्फिग, कॅमेरा सावकाश तळाकडे]

कॉन्फिगच्या शेवटाजवळ एक टिपण आहे, 'झालं, आता बदल करणं थांबवा' अशा अर्थाचं. त्याच्या खाली सेटिंग्ज फाइलीचं रिक्वायर. चुका दाखवण्याचा स्थिरांक अनेकजण या ओळीखाली लिहितात आणि काहीच का बदलत नाही म्हणून चक्रावतात. तोवर सेटिंग्ज येऊन, वाचून, कामाला लागलेली असते.