घरी कळेल का?

[दृश्य: पुणे, सकाळचं शिवाजीनगर. बसमधून उतरणारी मुलंमुली, पाठीवर सॅक.]

निवेदन:
बाकरवडीचा रिकामा खोका. झाकणाला कात्रीनं पाडलेली फट. प्रजनन आरोग्यावरच्या युवा परिषदेला आम्ही पोचलो, तेव्हा नावनोंदणीच्या टेबलावर हा खोका होता. मनात असेल ते चिठ्ठीवर लिहायचं, नाव घालायचं नाही.

जुन्नर, भोर, इंदापूरहून मुलं आली होती. शहरातल्या कॉलेजांतली तर होतीच. सकाळची भाषणं झाली, चांगली झाली. पण सगळ्यांचं लक्ष खोक्याकडे.

[दृश्य: खोका उघडतो. चिठ्ठ्यांचा जवळून घेतलेला शॉट.]

निवेदन:
पाळीत किती दुखलं की दवाखाना गाठायचा? मेडिकलवाला वडिलांच्या ओळखीचा आहे, कंडोम कुठून आणू? आणि एक चिठ्ठी, पीएमपीच्या तिकिटामागे बारीक अक्षरात लिहिलेली: ‘घरी कळेल का?’

एवढंच. काय कळेल, ते लिहिलेलं नव्हतं. सभागृहात कुणी विचारलंही नाही.

उत्तर द्यायला उठलेल्या डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, “अठरा पूर्ण असतील, तर गर्भपातासाठी तुझी एकटीची संमती पुरते. नवऱ्याची सही लागत नाही, आईवडिलांचीही नाही. तुझं नाव गुप्त ठेवणं हे आमच्यावर कायद्याचं बंधन आहे.”

गर्भपाताचा हा कायदा १९७१चा. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली, काही स्त्रियांसाठी गर्भपाताची मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, अविवाहित स्त्रीलाही यातून वगळता येणार नाही.

मी वही मिटली. माझ्या मावसबहिणीला एका दवाखान्यानं ‘मिस्टरांना घेऊन या’ म्हणून परत पाठवलं होतं. मिस्टर परगावी. त्यात नऊ दिवस गेले. ते नऊ दिवस ती कशी जेवली, कशी झोपली, मी पाहिलंय. कायदा तिच्या बाजूनं होता, हे तिला कुणी सांगितलंच नाही.

अठराच्या आतल्या मुलींचं जास्त अवघड. तिथं पालकांची लेखी संमती लागते, शिवाय पॉक्सोमुळं, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यामुळं, पोलिसांना कळवणं भाग पडतं. मुलगी आणि पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरांनी तिचं नाव पोलिसांना द्यायची गरज नाही, असं त्याच २०२२च्या निकालात आहे. किती दवाखान्यांत हे माहीत असेल, या विचारानं माझ्या पोटात गोळा येतो.

[दृश्य: गंज पेठ, महात्मा फुले वाडा. तुळशीवृंदावन.]

निवेदन:
दुपारच्या सुट्टीत आम्ही चौघी रिक्षानं गंज पेठेत गेलो. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. गरोदर राहिलेल्या विधवांनी जीव देऊ नये, मूल मारू नये, इथं येऊन गुपचूप बाळंत व्हावं, अशा जाहिराती लावल्या. इथंच काशीबाई नावाच्या विधवेनं मुलाला जन्म दिला. त्याला दोघांनी दत्तक घेतलं. तोच यशवंत, पुढं डॉक्टर झाला.

घरी कळेल का, हा प्रश्न तेव्हा त्या बायकांनी विचारण्याआधीच या दोघांनी उत्तर दिलं होतं. भिंतीवर लावून दिलं होतं.

[दृश्य: दुसरा दिवस. जमिनीवर पसरलेला कार्डशीट, भोवती मुलं.]

निवेदन:
दुसऱ्या दिवशी मागण्यांचा मसुदा झाला. शाळेत लैंगिकता शिक्षण, किशोरवयीन मुलामुलींसाठीच्या सरकारी ‘मैत्री’ क्लिनिकची वेळ कॉलेज सुटल्यानंतरची. पण सर्वांत वर काय घालायचं, यावर वाद झालाच नाही. प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या केसपेपरच्या खिडकीशी एक फलक हवा.

भोरच्या मुलीनं नमुना लिहायला घेतला. मार्कर अर्ध्यात सुकला, तिनं अक्षरं दोनदा गिरवली: ‘अठरा पूर्ण? तुमची सही पुरेशी आहे. तुमचं नाव बाहेर जाणार नाही.’

मग कार्डशीट गुंडाळून तिनं त्याला रबर लावलं, आणि ती स्वारगेटच्या बसला गेली.